एकच कॉलम तपासायचाय, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?

स्ट्रक्चरल लाइनमध्ये नवीन आलेली पोरं हा प्रश्न हमखास विचारतात, आणि विचारताना त्यांच्या डोक्यात उत्तर आधीच असतं. स्टाड घेऊ की इटॅब्स, एवढंच त्यांना ऐकायचं असतं. पण ही दोन्ही पूर्ण बिल्डिंगची सॉफ्टवेअर आहेत, अख्खा सांगाडा उभा करा, भूकंप लावा, वारा लावा आणि मग ते तुम्हाला प्रत्येक मेंबरमधले (बीम, कॉलम असा एकेक भाग) फोर्सेस काढून देतात आणि डिझाइनही करून देतात. मी म्हणतोय ते काम वेगळं आहे. सोसायटीला गच्चीवर अजून एक पाण्याची टाकी ठेवायचीय, दुकानदाराला पोटमाळा काढायचाय, चाळीस वर्षं जुन्या इमारतीत लिफ्ट बसवायचीय, आणि तुम्हाला एक बीम, दोन कॉलम, एखादं फूटिंग एवढंच बघायचंय. छोट्या ऑफिसला येणारी निम्मी कामं असलीच असतात. त्यात मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना महापालिका कायद्याच्या ३५३ब कलमाखाली स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे, बाकीच्या शहरांतही ऑडिटची कामं वाढलीच आहेत, म्हणजे सुट्टा मेंबर तपासायचं काम काही संपत नाही.

या कामासाठी बाजारात काय नाही सांगा. एक्सेल शीटा आहेत, मोबाइलवरची अ‍ॅप आहेत, टेड्स आहे, कॉलमसाठी सीएसआयकॉल आहे, एसपीकॉलम आहे, मुंबईतल्या लोकांनी बनवलेलं आणि पुढे बेंटलीने विकत घेतलेलं आरसीडीसी आहे (ते खरं तर अ‍ॅनालिसिसच्या फाइलवर बसून चालतं, पण त्याचा कॉलमचा रिपोर्ट वाचण्यासारखा असतो). आणि आता काहीही विचारा, एआय पण बीम डिझाइन करून देतो, कॉन्फिडन्सने देतो. हे सगळं बघून झाल्यावर माझं मत एकाच गोष्टीवर येऊन थांबलंय. सॉफ्टवेअर किती फास्ट आहे, रिपोर्ट किती रंगीत येतो, डिटेलिंग ऑटोकॅडमध्ये जातं का, हे नंतर. आधी बघायचं की ते मला काय काय विचारतं. जे सॉफ्टवेअर चार आकडे घेऊन लगेच "सेफ" म्हणतं त्याने उरलेल्या दहा प्रश्नांची उत्तरं माझ्या वतीने देऊन टाकलेली असतात, आणि सर्टिफिकेटवर सही मात्र माझी.

एक कॉलम घेऊ म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. २३० बाय ६०० मिमी, खाली पार्किंगचा मजला, दोन बीमांमधली क्लिअर उंची ३.१५ मीटर, फॅक्टर्ड लोड (सुरक्षेसाठी वाढवून धरलेला) १२०० किलोन्यूटन. आपल्याकडे जुन्या इमारतींत असले नऊ इंची कॉलम पोत्याने सापडतात, कारण भिंतीच्या बाहेर कॉलम आलेला घरमालकाला चालायचा नाही, कपाट बसत नाही म्हणायचे. आता आयएस १३९२० च्या (भूकंपासाठीच्या डिटेलिंगचा कोड) २०१६ च्या आवृत्तीने कॉलमची कमीत कमी बाजू ३०० केली, त्यामुळे नव्या कामात हा विषय मिटला असं समजू (आर्किटेक्टशी भांडण मिटलं असं नाही म्हणत मी). पण जुन्याचं काय, तो उभाच आहे ना.

हा कॉलम फुकटच्या अ‍ॅपमध्ये टाका. बहुतेक अ‍ॅप लोड विचारतं, साइज विचारतं, ग्रेड विचारतं आणि आयएस ४५६ च्या (आपला काँक्रीटचा मुख्य कोड) ३९.३ कलमाचं सूत्र लावून मोकळं होतं. ०.४ एफसीके (काँक्रीटची ताकद) गुणिले काँक्रीटचं क्षेत्रफळ अधिक ०.६७ एफवाय (स्टीलची ताकद) गुणिले स्टीलचं, कॉलेजात सगळ्यांचं पाठ असतं ते. पण त्या सूत्राची अट कोणी वाचत नाही. किमान एक्सेंट्रिसिटी (लोड मध्यापासून किती सरकलेला धरायचा ते) बाजूच्या ०.०५ पटीपेक्षा जास्त नसेल तरच ते चालतं, आणि किमान एक्सेंट्रिसिटी म्हणजे उंची भागिले ५०० अधिक बाजू भागिले ३०, पण २० मिमीच्या खाली नाही. आता २३० ची ०.०५ पट होते साडेअकरा मिमी. वीस कुठे, साडेअकरा कुठे. म्हणजे २३० च्या कॉलमला हे सूत्र लागूच होत नाही, कधीच नाही, आणि नुसता वीसचा हिशोब धरला तरी ४०० पेक्षा कमी बाजूच्या कुठल्याच कॉलमला लागू होत नाही. महाराष्ट्रातल्या बैठ्या इमारतींमधले बहुतेक कॉलम या एका वाक्यात बाहेर पडले. तरी अ‍ॅप हिरवी टिक देतं.

बरं, त्याच्या वरच्या पायरीचं टूल घ्या, जे मोमेंट (वाकवणारा जोर) पण घेतं. ते किमान एक्सेंट्रिसिटीचा मोमेंट काढेल, १२०० गुणिले ०.०२, म्हणजे २४ किलोन्यूटन मीटर, ठीक. आता प्रश्न इफेक्टिव्ह लेंग्थचा, म्हणजे वाकण्याच्या हिशोबात धरायच्या उंचीचा. लेंग्थ भागिले बाजू १२ च्या वर गेली की कॉलम सडपातळ धरायचा आणि त्याला अ‍ॅडिशनल मोमेंट द्यायचा. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये इफेक्टिव्ह लेंग्थचा गुणक डिफॉल्ट १ असतो, आणि तो एका बाजूच्या टॅबमध्ये लपलेला असतो, तिथे कोणी जात नाही. एक धरला तर ३१५० भागिले २३० म्हणजे १३.७, अ‍ॅडिशनल मोमेंट साधारण २६. पण पार्किंगच्या मजल्याला भिंती नाहीत, शिअर वॉल नाही, फ्रेम बाजूला हलणार, आणि हलणाऱ्या फ्रेमला आयएस ४५६ हा गुणक १.२ च्या खाली घेऊ देत नाही. १.२ टाका, गुणोत्तर साडेसोळाच्या जवळ जातं आणि मोमेंट ३७ होतो. के गुणकाने यातलं काही कमी करता येतं ते सोडून द्या सध्या. मुद्दा असा की किमानच्या २४ वर एकाने शून्य लावलं, दुसऱ्याने २६, तिसऱ्याने ३७, आणि तिघांच्याही रिपोर्टच्या खाली आयएस ४५६ प्रमाणे असं छापलेलं. तिघांपैकी कोणीही खोटं सूत्र वापरलेलं नाही. फरक एवढाच की एकाने सडपातळपणाचा विषयच काढला नाही, दुसऱ्याने मनाने एक धरला, आणि तिसरा थांबून विचारत होता, "फ्रेम स्वे होणारी आहे का?" मला तो तिसरा पाहिजे. त्याची स्क्रीन नव्वदच्या दशकातली का असेना.

यावर एक मित्र म्हणतो की तू उगाच त्रास करून घेतोस, सगळं डिफॉल्टवर ठेव आणि शेवटी स्टील थोडं वाढव, आपण सगळे तेच करतो. वाढव म्हणजे किती? कॉलमला ६ टक्क्यांपर्यंत स्टील घालता येतं पुस्तकात, जोडाच्या जागी ४ च्या वर गेलं की सळया एकमेकींत घुसतात आणि काँक्रीट खाली उतरत नाही. आणि जुन्या कॉलमला स्टील वाढवायचं म्हणजे जॅकेटिंग (कॉलमभोवती नवं स्टील आणि काँक्रीट चढवणं), म्हणजे खर्च, म्हणजे सोसायटीची मीटिंग. तिथे "थोडं वाढवा" चालत नाही, तिथे विचारतात का वाढवायचं, दाखवा.

जुन्या इमारतीत अजून एक गंमत होते. काँक्रीट निघतं एम१५, म्हणजे ताकद १५ न्यूटन प्रति चौरस मिमी. कधी त्याहून कमी. त्या काळी चालायचं, आयएस ४५६ च्या २००० च्या आवृत्तीने आरसीसीला किमान एम२० केलं. आता सॉफ्टवेअरच्या ड्रॉपडाउनमध्ये यादी सुरूच एम२० पासून होते, खाली जाताच येत नाही. मग माणूस काय करतो, एम२० निवडतो आणि पुढे जातो, काय करणार. इथे मी सरळ एसपी १६, म्हणजे आयएस ४५६ चं चार्ट-टेबलांचं पुस्तक, काढतो. १९८० चं पुस्तक, १९७८ च्या कोडवर बेतलेलं, आमच्याकडे आहे ती झेरॉक्सची झेरॉक्स आहे आणि काही चार्टांच्या रेघा अर्ध्या पुसल्यात, पण त्यात एम१५ ची बीमची टेबलं आहेत आणि कॉलमचे चार्ट तर एफसीकेने भागूनच काढलेत, म्हणजे कुठलीही ग्रेड टाका. पट्टी लावायची, उजवीकडे सरकायचं, रेघ कुठे छेदते बघायचं. आणि चार्ट वापरायचा तर डी-डॅश (कडेपासून सळईच्या सेंटरपर्यंतचं अंतर) भागिले डी (कॉलमची पूर्ण बाजू) किती आहे हे तुम्हाला ठरवावंच लागतं, ०.०५ चा चार्ट, ०.१० चा, ०.१५ चा, ०.२० चा, वेगवेगळी पानं आहेत, पान उघडण्याआधी कव्हर आणि सळईचा डाया विचारात घ्यावाच लागतो. २३० च्या बाजूला ४० कव्हर, ८ ची रिंग आणि १६ ची सळई धरली तर सळईचं सेंटर ५६ वर येतं, म्हणजे ०.२४, चार्टच्या बाहेर! हे सॉफ्टवेअरमध्ये कळतसुद्धा नाही, ते गणित करून देतं आणि तुम्हाला वाटतं सगळं नॉर्मल आहे. पातळ कॉलमला त्या दिशेने सळया जवळजवळ मधेच येतात, त्यांचा उपयोग किती कमी होतो हे त्या न मिळालेल्या पानाने जेवढं समजतं तेवढं कुठल्या रिपोर्टने समजत नाही.

अर्थात एसपी १६ ची पण हद्द आहे. एल आकाराचा कॉलम त्यात नाही. आणि पुण्यात तर कोपऱ्यात लपवायला एल कॉलम सर्रास मागतात. तिथे मात्र सीएसआयकॉलसारखं टूल लागतंच, जे सेक्शनचे बारीक तुकडे करतं, न्यूट्रल अ‍ॅक्सिस फिरवत फिरवत प्रत्येक तुकड्याचा स्ट्रेन काढतं आणि कॉलमच्या ताकदीचा पूर्ण पृष्ठभाग बांधून देतं. हाताने करायला गेलात तर दिवस जाईल. साध्या आयताकृती कॉलमला आपण दोन दिशांचे मोमेंट ब्रेस्लरच्या सूत्राने एकत्र करतो, घातांक १ ते २ च्या मधे, लोडच्या प्रमाणात. ते अंदाजाचं सूत्र आहे, आणि तुकडे करून काढलेलं उत्तर त्याच्याशी तंतोतंत जुळत नाही, जुळायची अपेक्षाही नको. मी दोन टूलांची उत्तरं वेगळी आली की आधी तीन जागा बघतो. स्टीलने अडवलेल्या जागेतलं काँक्रीट वजा केलंय का, किमान एक्सेंट्रिसिटी एका वेळी एकाच दिशेने लावलीय की दोन्ही दिशांनी एकदम (कोड म्हणतो एका वेळी एक पुरे), आणि स्टीलच्या स्ट्रेस-स्ट्रेन आलेखाचा वाकलेला भाग कोडप्रमाणे धरलाय की सरळ तुटक रेघ. फरक बहुतेक यातच सापडतो. आणि हे तीन पर्याय ज्या टूलमध्ये समोर दिसतात, टिक करता येतात, ते टूल मी विकत घ्यायला तयार असतो.

परदेशी टूलांबद्दल थोडं. एसपीकॉलम सुंदर आहे, अमेरिकेतल्या पोर्टलँड सिमेंट असोसिएशनच्या जुन्या प्रोग्रॅमपासून आलेलं, कॉलमशिवाय दुसरं काही करत नाही आणि तेवढंच नीट करतं. पण ते अमेरिकन आणि कॅनेडियन कोडवर चालतं. काही जण त्यात एम२५ म्हणून २५ टाकतात. आपली ताकद १५० मिमीच्या काँक्रीटच्या क्यूबची, त्यांची सिलेंडरची, आणि सिलेंडर साधारण क्यूबच्या ०.८ पटच भरतो, म्हणजे २५ चे २० टाकायला पाहिजेत. युरोकोडवाले निदान दोन्ही आकडे नावातच लिहितात, सी२५/३०, त्यामुळे गोंधळ कमी. आणि सेफ्टीचा हिशोबच वेगळा, आपण काँक्रीटला दीड आणि स्टीलला १.१५ ने भागून आधीच कमी करतो, ते शेवटी पूर्ण ताकदीला एक फाय (कमी करणारा गुणक) लावतात. मधलाच आकडा उचलून इकडे आणला तर काय निघेल ते सांगता येत नाही. आमचे दोस्त लोक मस्कत-दुबईला बरीच वर्षं बीएस ८११० वर काम करून आले, तिकडे क्यूबच असतो त्यामुळे त्यांना हे कधी नडलं नाही, आणि म्हणूनच अमेरिकन टूल हातात आलं की तेच पहिले घसरतात.

बीमचं मात्र एवढं नाही. बीम सोपा आहे, आणि बीमला मी अजून स्वतःची एक्सेल शीट वापरतो, उघडी, प्रत्येक खान्यात सूत्र दिसणारी. २३० बाय ४५०, एम२०, ४१५ चं स्टील, डी (इथे वरच्या कडेपासून खालच्या सळईच्या सेंटरपर्यंतची खोली) ४१० धरला तर लिमिटिंग मोमेंट १०६ आणि काहीतरी किलोन्यूटन मीटर येतो, हे आता तोंडपाठच झालंय, त्याच्या वर मोमेंट गेला की डबली करा (वरच्या बाजूलाही स्टील घाला) नाहीतर खोली वाढवा. पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या लॉक केलेल्या शीटा मला आवडत नाहीत. कोणी बनवली माहीत नाही, पासवर्ड माहीत नाही, पहिल्या पानावर गणपतीचा फोटो आणि "ओन्ली फॉर फ्रेंड्स". एकदा अशाच एका शीटमध्ये शिअरसाठी (बीम कापू पाहणारा जोर) आयएस ४५६ च्या टेबल १९ मधला स्टीलचा टक्का बीमच्या मध्यावरच्या स्टीलवरून घेतलेला सापडला, सपोर्टपाशी निम्म्या सळया आधीच थांबलेल्या असताना. सूत्र दिसत होतं म्हणून सापडला, लॉक असती तर अजून चालूच असती.

आणि बीममध्ये सॉफ्टवेअरने हटकून न विचारलेला प्रश्न म्हणजे सळया बसतात का. रिपोर्ट म्हणतो पाच १६ च्या, एका थरात. २३० मधून दोन्हीकडचं २५ कव्हर आणि ८ च्या रिंगा वजा करा, राहिले १६४, त्यातून पाच सोळा ऐंशी गेले, राहिले ८४, चार फटी, एकवीस एकवीस मिमीच्या. वीसची खडी म्हणजे कोडप्रमाणे पंचवीस पाहिजेत. फिटर हे रिपोर्ट न वाचता सांगतो, "साहेब, खडी उतरणार नाही", आणि तोच बरोबर असतो. दोन थर केले की डी कमी होतो, मग परत स्टील वाढतं, तो फेरा हाताने मारावा लागतो. फटीचा आकडा स्वतःहून छापणारी टूलं आहेत थोडी. घेण्याआधी डेमोमध्ये मी हे आवर्जून बघतो, आणि विकणारा तेव्हा नेहमी थ्रीडी व्ह्यू दाखवायला लागतो.

नॉर्वेचं स्लाइपनर प्रकरण आमच्या लाइनमध्ये सगळ्यांनी एकदा तरी ऐकलेलं असतं, पण लोक त्यातून "सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवू नका" एवढंच काढतात, ते मला अर्धवट वाटतं. समुद्रात उभा करायचा काँक्रीटचा प्रचंड तळ, २३ ऑगस्ट १९९१ ला स्टॅव्हँगरजवळच्या गांड्सफ्योर्डमध्ये तो हळूहळू पाण्यात उतरवत होते, आणि एक भिंत फुटून सगळंच बुडालं. माणसं वाचली. नॅस्ट्रनमध्ये अ‍ॅनालिसिस केलेलं होतं, प्रोग्रॅम नावाजलेला, पण मॉडेलची कोपऱ्यातली जाळी (हिशोबासाठी पाडलेले तुकडे) इतकी ओबडधोबड की भिंतीतला शिअर ४७ टक्क्यांनी कमी निघाला, आणि त्या शिअरवर सुट्ट्या भिंतीचं स्टील ठरवलं गेलं. नंतर बारीक जाळीने परत हिशोब केला तर निघालं की ६२ मीटर खोलीला फुटायला पाहिजे. प्रत्यक्षात फुटली ६५ ला. मला यात धडकी भरवणारी गोष्ट ही वाटते की नंतरचं गणित इतकं जवळ आलं. म्हणजे ज्ञान होतं, साधन होतं. एका भिंतीचा तुकडा बाजूला काढून, त्यावर पाण्याचा दाब लावून, दोन टोकांना शिअर किती येतो हा प्रश्न बांधायच्या आधी कोणी सुट्टा विचारलेला दिसत नाही. सुट्ट्या मेंबरचं टूल मोठ्या सॉफ्टवेअरच्या शेजारी ठेवायचं ते याच्यासाठीच, नुसतं छोट्या कामासाठी नाही.

पैशाचं पण बोललं पाहिजे, कारण शेवटी तिथेच गाडी अडते. पूर्वी एकदा घेतलं की घेतलं, आता बहुतेक सगळे वर्षाच्या भाड्यावर आलेत, आणि छोट्या ऑफिसला महिन्याला चार कॉलम तपासायला वर्षभराचं भाडं परवडत नाही, मग लोक क्रॅक (पायरेटेड कॉपी) वापरतात, सगळ्यांना माहितीय, कोणी बोलत नाही. क्रॅकचा माझा आक्षेप नीतीचा आहेच पण त्याहून व्यवहारी आहे. त्याला अपडेट नाही. १३९२० ची २०१६ ची आवृत्ती आली तेव्हा बीमपेक्षा कॉलम १.४ पट ताकदीचा पाहिजे ही अट आली, आणि जुन्या क्रॅकमध्ये ती नाही, कधी येणारही नाही, आणि तो मात्र "सेफ" म्हणत राहतो. त्यापेक्षा उघडी एक्सेल शीट बरी, अट आली की मी एक ओळ वाढवतो.

फूटिंगचं टूल मात्र मला अजून मनासारखं मिळालेलं नाही. मधल्या कॉलमचं फूटिंग कोणीही करून देतं. हद्दीवरचं घ्या, जिथे शेजाऱ्याच्या जागेत एक इंच जाता येत नाही. दीड बाय दीड मीटर, ४० टन लोडचा २३० चा कॉलम, एका कडेला चिकटून, जमीन चौरस मीटरला २० टन झेलणारी. सरासरी दाब १७.८ टन, काही शीटा इथेच "ओके" म्हणून थांबतात. लोडचं सेंटर फूटिंगच्या मध्यापासून ६३५ मिमी, आणि बाजूचा एक षष्ठांश, ज्याच्या आत लोड असेल तरच पूर्ण तळ दाबाखाली राहतो, म्हणजे फक्त २५०. पुस्तकी अधिक-वजाचं सूत्र लावलं तर एका टोकाला ६३ टन आणि दुसऱ्या टोकाला उणे २७ येतात, आणि उणे दाब म्हणजे माती फूटिंगला खाली ओढतेय, जे माती करत नाही. तो भाग सोडून देऊन त्रिकोण बसवला तर कडेला १५५ टनांच्या आसपास जातं. म्हणजे स्ट्रॅप बीम (दोन फूटिंगना जोडणारा बीम) घालून आतल्या कॉलमला बांधल्याशिवाय गत्यंतर नाही. माझ्या शीटमध्ये दाब शून्याखाली गेला की तो खाना लाल होतो आणि पुढचं काहीच निघत नाही, तेवढ्यावर मी भागवतोय. दोन्ही दिशांनी मोमेंट असलेलं फूटिंग उचललं गेल्यावर उरलेली जागा नीट काढणारं आणि स्ट्रॅप घालायचा का हे आधी विचारणारं, आयएस वर चालणारं टूल कोणाच्या वापरात असेल तर नाव सांगा, डेमो मागवतो.